हातावरचा गिरनार

सरूबाई जन्मात कधी गिरनारला गेलेली नाही, आणि मळवलीच्या आसपास गिरनारविषयी तिच्याइतकं कुणाला सांगता येत नाही. ढग कोणत्या वळणावर पायाखाली येतात, वरच्या वाऱ्यात डोक्यावरचा पदर कसा ठरत नाही, दमलेली माणसं कुठल्या पायरीवर बसून एकमेकांची जात विचारतात, हे सगळं ती भांडी घासता घासता सांगते. ऐकणारा साहजिकच विचारतो, "कधी गेल्या होतात?" मग ती राखेनं भरलेला हात पाण्याखाली धरते आणि पुढे करते. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, हिरवट अक्षरांत गोंदलेलं असतं: गिरनार. पुढे कुणी काही विचारत नाही. कातडीवर लिहिलेल्याला खोटं म्हणायचं धाडस शिकलेल्या माणसालाही होत नाही.

हे अक्षर तिच्या हातावर आलं एकवीरेच्या जत्रेत. साल एक्कावन्न असेल, बावन्न असेल. सरूबाई तेव्हा नुकती लग्न होऊन विसापूर गडाच्या पोटातल्या वाडीत आली होती. नवरा बुधा. बुधाचा थोरला भाऊ शिदू, आणि शिदूची बायको चंपा. चंपा म्हणजे वाडीतल्या तरण्या बायकांची पाटलीण. कुठं जायचं, काय खायचं, कुठल्या कासाराकडे बांगड्या भरायच्या, हे ती ठरवायची आणि बाकीच्या मान हलवायच्या. त्या चैत्रात तिनं ठरवलं, की यंदा जत्रेत नाव गोंदून घ्यायचं.

वाडीत गोंदण नवं नव्हतं. कपाळावर टिकली, हनुवटीवर ठिपका, हातावर तुळस, हे लहानपणीच म्हातारी गोंदणारीण सुया टोचून करून गेलेली. पण नाव? नाव ही नवी चाल होती. जत्रेत बॅटरीवरचं मशीन घेऊन एक गोंदणारा बसतो, आणि मशीन गुणगुणतं तेवढ्यात काम होतं, अशी बातमी कार्ल्यापासून आली होती.

पाच जणी त्याच्यापुढे जाऊन बसल्या. त्याच्याजवळ एक फळी होती. फळीवर मोर, विंचू, मारुती, तुळशीवृंदावन आणि खालच्या कोपऱ्यात एक लिहिलेला शब्द.

"नाव टाका," चंपा म्हणाली.

"कुनाचं?"

पाचीजणींनी पदर तोंडाला लावले.

"कुनाचं म्हंजी काय! मालकाचं."

"ते कळलं वो बाई. पन मालकाचं नाव काय?"

आता आली का पंचाईत. वाडीत नवऱ्याचं नाव बायकोनं तोंडानं घ्यायचं नाही, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं. लग्नात वऱ्हाडानं दार अडवलं म्हणून उखाण्यात एकदा घेतलं असेल तेवढंच. त्यानंतर 'आमचं हे', नाहीतर 'घरातलं माणूस', नाहीतर नुसतंच 'आवं'. आणि हा बाबा भर जत्रेत, परका पुरुष, नाव विचारतोय! चंपानं दोन क्षण विचार केला आणि फळीच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

"ते बगा, लिवलेलं हाय की. तेच टाका."

"हेच? तुमच्या हातावर?"

"समद्यांच्या."

गोंदणारा आदल्याच वर्षी गिरनारच्या वाटेवर यात्रेकरूंचे हात गोंदून आला होता. त्यानं पाचीजणींकडे मोठ्या आदरानं पाहिलं. "लय भक्ती हाय बायांनो तुमची."

"नसंल तर संसार कसा व्हायचा?" चंपा म्हणाली, आणि हात पुढे केला.

त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. एकाच कासाराच्या टोपलीतल्या एकाच मापाच्या बांगड्या पाचीजणी भरत होत्या, पण ज्या हातात गेल्या त्या हाताच्या धन्याच्या नावाच्या झाल्या. कुंकू एकाच पुडीतलं, पण लावणारीच्या नवऱ्याचं. मग अक्षरांचं निराळं काय असायचं? लिहिलेलं म्हणजे नाव, आणि नाव म्हणजे ज्याचं त्याचं.

घरी आल्यावर बुधानं सरूबाईचा हात कंदिलाजवळ नेऊन पाहिला.

"येवढंसंच व्हय माजं नाव?"

"मग काय पाठभर लिवू?"

शिदू तसा कमी बोलायचा. भलं मोठं मुंडासं डोक्याला, आणि त्याखाली लाजरा चेहरा. त्यानं चंपाच्या सुजलेल्या हातावरून अंगठा फिरवला आणि हळद-तेल गरम करून घेऊन आला. चंपा ही गोष्ट पुढे सगळ्या वाडीला सांगायची. "माणसानं माजा हात धरला, आन् नाव वाचल्यावानी बगत बसला," असं म्हणायची. शिदूला वाचता येत नव्हतं, हे ऐकणारीलाही ठाऊक असायचं, सांगणारीलाही.

पुढे चार-सहा पावसाळ्यांनी भाताच्या आवणीच्या दिवसांत शिदूला खाचरात पान लागलं, साप चावला. लोणावळ्याला न्यायला खाट उचलली, ती पुलापर्यंत पोचली नाही.

चंपाच्या बांगड्या उतरल्या, कुंकू गेलं. शिदूचं मुंडासं मात्र तिनं खुंटीवरून काढू दिलं नाही. आणि हातावरचं तर कुणाला काढताच येत नव्हतं. रोज दिवेलागणीला ती त्यावर तेलाचं बोट फिरवायची. बायका कौतुकानं बघायच्या. चंपा म्हणायची, "मेल्यावर समदं हितंच काढून घेत्यात, ग. डोरलं, जोडवी, लुगडंसुदिक. गोंदान तेवढं संगं येतंय. वर इचारत्यात, कुनाची तू? तवा हात म्होरं करायचा."

सरूबाईला ते ऐकून बरं वाटायचं. आपलाही हात तयार आहे, असं वाटायचं.

मग बुधाला स्टेशनाजवळच्या एका बंगल्यावर राखणदारीचं काम लागलं, आणि दोघं वाडीतून खाली उतरून बंगल्यामागच्या खोलीत राहायला आली. बंगला अरुंधतीबाईंचा. बाई पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, यजमान वारलेले, आणि बंगल्यात माणसांपेक्षा पुस्तकं जास्त. सकाळचा चहा झाला की बाई ओसरीवरच्या आरामखुर्चीत पाय वर घेऊन पुस्तक उघडायच्या आणि मधूनच एकट्याच हसायच्या. पहिल्या दिवशी सरूबाई घाबरून बुधाकडे गेली.

"आवं, बाईस्नी लागीर झालंय. येकट्याच हसत्यात."

"पुस्तक वाचत्यात त्या."

"मग हसायचं कशापायी? पोथी वाचून कुनी हसतं व्हय?"

शेवटी तिनं बाईंनाच विचारलं, की परीक्षा नाही, पोथी नाही, मग ह्या वयात वाचायचं तरी कशाला?

"मजा म्हणून," बाई म्हणाल्या.

सरूबाईला हे उत्तर फार दिवस पचलं नाही. मजा म्हणून माणूस झोका घेतो, करवंदं खातो, दुसऱ्याच्या घरातलं भांडण ऐकतो. वाचतो? पण धूळ पुसताना ती पुस्तकं उघडून बघू लागली. बाईंनी एकदा पाहिलं, पुस्तक उलटं धरलेलं. दुसऱ्या दिवशी ओसरीवर पाटी-पेन्सिल होती.

बाईंनी विचारलं, आधी कोणतं अक्षर शिकायचं? सरूबाईच्या मनात एकच होतं. "बकरीतलं पयलं," ती म्हणाली. बाईंना वाटलं, हिला बकऱ्या आवडतात. खरं कारण हातावर होतं. पाटीवरचा ब तिनं घोटून घोटून गिरवला, मग मोरीत जाऊन, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, हातावर शोधला. सापडला नाही. गोंदणाऱ्यानं ब निराळ्या तऱ्हेनं काढला असेल, असं म्हणून तिनं मनाची समजूत घातली. मग तिला सरूतला र आला, आणि तो मात्र हातावर चक्क दोनदा होता. बुधामध्ये र कुठून आला? गणपतीतला ग आला, नळातला न आला. असं एकेक अक्षर पाटीवरून उठून हातावर जाऊन बसू लागलं, आणि एका दुपारी भाताच्या पातेल्याची खरवड काढताना तिनं ते सलग वाचलं.

गिरनार.

वाचता आल्याचा आनंद तिला झाला, नाही असं नाही. पण तो घोटभरच. हे काय आहे? ही कुणाची मी?

ती तशीच ओल्या हातानं ओसरीवर गेली. "बाई, गिरनार म्हंजी काय वो?"

"डोंगर आहे मोठा. काठेवाडात. दत्ताचं ठाणं आहे वर." बाईंनी चष्म्यावरून पाहिलं, आणि त्यांची नजर हातावर गेली. "अगं, तू जाऊन आलीस की काय?"

नवऱ्याचं नाव समजून डोंगर गोंदून घेतला, हे सांगायचं कसं? सरूबाई म्हणाली, "व्हय."

"कधी? मला बोलली नाहीस ती! कसा आहे गं? माझं जायचं राहूनच गेलं."

झालं. आता सांगणं आलं. सरूबाईनं लोहगडाच्या पायऱ्या काढल्या आणि काठेवाडात नेऊन लावल्या. विसापूरवरचा वारा सोडला. एकवीरेच्या वाटेवरचे नारळवाले बसवले. बाई मन लावून ऐकत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "आणि अंबामातेचं देऊळ?"

"ते… तवा बंद हुतं."

बाई हसल्या नाहीत. उठल्या, कपाटातून एक जाड पुस्तक काढलं, प्रवासवर्णनाचं, आणि त्यातलं एक प्रकरण उघडून तिच्या हातात दिलं. "हे वाच. तुझ्या आठवणी ताज्या होतील."

बाईंना कळलं होतं की नव्हतं, हे सरूबाईला कधीच समजलं नाही. पण त्या प्रकरणापायी तिला वाचनाची मजा लागली ती लागली. आधी ती खोटं उघडं पडू नये म्हणून वाचायची. अक्षराला अक्षर जोडून, बोट फिरवत, एक पान आठवडाभर. मग कधीतरी भीती गेली आणि बोटही गेलं. पहाटे निघालेल्या लेखकाच्या मागोमाग ती पायऱ्या चढू लागली. तो जिथं टेकला तिथं टेकली. तो एका ठिकाणी पाणी न पिताच पुढे गेला, तर तिला त्याचा राग आला. आणि एके दिवशी तो पायऱ्यांवरच्या माकडानं आपली टोपी कशी पळवली ते सांगायला लागला, तेव्हा ओसरीच्या पायरीवर बसलेली सरूबाई एकटीच मोठ्यानं हसली. गोठ्यातून बुधानं डोकं बाहेर काढलं आणि पुन्हा आत घेतलं. बाईंचं लागीर आता ह्या बाईला झालं होतं.

गंमत अशी, की जे खोटं सांगितलं होतं ते हळूहळू तिला आठवायलाच लागलं. वरची थंडी आठवायची. गुडघे आठवायचे. कधी कधी धुण्याच्या दगडावर बसली असताना समोर विसापूर ढगात जायचा, आणि तिचा जीव कुठल्या कुठं ओढ घ्यायचा. माहेर सोडताना अशी ओढ लागली होती, पण तेव्हा माहेर पाहिलेलं तरी होतं.

दर मंगळवारी, बाजार करून परत जाताना, चंपा बंगल्यावर टेकायची. सरूबाई तिला प्रकरण वाचून दाखवायला लागली. पाचव्या-सहाव्या मंगळवारी चंपा म्हणाली, "माकडाचं वाच गं आदी." मग म्हणाली, "हे कुटं हाय म्हनलीस? काय नाव?"

"हाय तिकडं, काठेवाडात," सरूबाई म्हणाली, आणि पान उलटलं. गिरनार हा शब्द आला की ती नुसतं 'डोंगर' म्हणायची. चंपापुढे तो शब्द उच्चारणं म्हणजे तिच्या हातावरून शिदूला पुसून टाकणं, असं तिला वाटायचं. पण चंपा का सोडते? एका मंगळवारी तिनं बाही सारली आणि हात सरूबाईच्या मांडीवर ठेवला.

"सरे, तुला येतंय न्हवं आता वाचाया? हे वाच की."

तेल पिऊन पिऊन चंपाची अक्षरं सरूबाईच्या अक्षरांहून काळीभोर झाली होती. सरूबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग चंपाकडे पाहिलं. आणि एकदम तिला सुचलं.

"आक्का, अगं थोरल्या भावजींचं नाव मी तोंडानं कशी घेऊ?"

चंपानं जीभ चावली. "व्हय की गं बया! मी बी कशी मेली." आणि कौतुकानं सरूबाईच्या पाठीवर थाप मारली, की शिकली तरी रीत विसरली नाही. ज्या रितीनं घोटाळा केला होता, तिनंच तो झाकला.

त्या पाच जणींतल्या कमळाबाईचा पोरगा शाळेत जायला लागला होता. त्यानं एकदा आईचा हात धरून वाचलं म्हणे. कमळाबाईनं त्याला थोबाडीत दिली आणि वाडीभर सांगत सुटली, की मास्तर काही शिकवत नाही, पोराला बापाचं नाव वाचता येईना, काहीतरी भलतंच वाचतंय. सरूबाई ते ऐकून हसली, आणि हसता हसता थांबली. असाच कुणी उद्या चंपाला वाचून दाखवील तर?

सत्तर साली कार्ल्याच्या भजनी मंडळाच्या भिकाजीबुवांनी यात्रा काढली. बस ठरवली, शिधा बरोबर, आणि जायचं कुठं तर गिरनारला. चंपाला एवढंच कळलं, की काठेवाडातला, पुस्तकातला माकडाचा डोंगर तो हाच. तिनं बोकड विकला आणि खाली येऊन उभी राहिली. "सरे, चल. माकडं बगू."

सरूबाईला त्या रात्री झोप आली नाही. इतकी वर्षं ज्याच्या पायऱ्या बोटानं चढली, तो डोळ्यांनी दिसणार होता. आणि त्याच डोंगराच्या पायथ्याला पाट्या असणार होत्या. चंपाला वाचता येत नव्हतं, पण ह्या एका शब्दाची चाकोरी तिच्या बोटाला पाठ होती. तिनं मनाशी बेत केला. आपण चंपाच्या अंगाला अंग लावून चालायचं. पाटी आली की मध्ये उभं राहायचं. माकड दाखवायचं. नाहीतर सरळ वर न्यायचं, आणि देवापुढे बसवून सगळं सांगायचं. देवापुढे रडलेलं चालतं.

निघायला आठवडा असताना बंगल्याची कौलं फिरवायला चढलेला बुधा खाली आला, तो शिडीवरून नव्हे. पायाचं हाड मोडलं. लोणावळ्याला प्लॅस्टर घालून आणला आणि खाटेवर टाकला. त्याला उठवायला-बसवायला माणूस हवं होतं.

"मग मीबी न्हाई जात," चंपा म्हणाली.

क्षणभर सरूबाईला वाटलं, सुटले. नाही गेली तर नाही. आपला डोंगर पुस्तकात राहील, तिचा नवरा हातावर राहील. पण चंपानं नवं लुगडं घेतलं होतं. कधी नव्हे ती पायात चपला घालून चालायची सवय करत होती.

"जा तू, आक्का," सरूबाई म्हणाली. "मला येऊन सांग."

बस सुटायच्या वेळी ती स्टेशनापर्यंत गेली. खिडकीत चंपा बसली होती, हात गजावर, बाही वर सरलेली. आत्ताच सांगावं, असं सरूबाईच्या ओठांवर आलं. "आक्का, हातावरचं ना…"

"काय?"

"हात आत घे. गाडी चालायला लागल्यावर लागंल."

ते दिवस सरूबाईनं कसे काढले, ते बुधालाच ठाऊक. त्यानं पाणी मागितलं तर चहा मिळायचा. संध्याकाळी ती पुस्तक उघडून बसायची. आज कुठल्या पायरीवर असेल चंपा? वाचलेली पानं तीच, पण त्यांच्यावर आता लेखकाऐवजी चंपा चालत होती, आणि कोणत्याही ओळीला थबकून पाटीकडे बघेल अशी धास्ती होती.

चंपा आली ती थेट बंगल्यावर. काळवंडलेली, पाय सुजलेले, चपला हातात. ओसरीच्या पायरीवर बसली, पाणी प्याली, प्रसादाची पुडी काढून ठेवली. मग सरूबाईचा हात ओढून आपल्या हाताशेजारी ठेवला. दोन हात, दोन गिरनार.

"सारकंच हाय," चंपा म्हणाली.

सरूबाईनं प्रसादाची पुडी उगाच सरळ करून ठेवली.

"पायथ्याला धरमशाळा हाय. तिच्यावर लिवलंय हे येवढं मोठं. मी बगते तर ह्यांचंच नाव! मला वाटलं, ह्यांची कीर्त हितवर आली का काय. पुढं दुकानावर तेच, चहाच्या टपरीवर तेच. तिकडच्या अक्षरास्नी वरची रेघ नसती, सरे. मला वाटलं मुंडासं काढून ठेवलंय. घरी आल्यावानी. मी त्या टपरीपाशी बसूनच ऱ्हायले. बुवा म्हनले, काय झालं मावशी? म्हनलं, हे काय लिवलंय? तर म्हनले, गिरनार."

"आक्का…"

"तुला कवा कळलं?"

"लय वर्सं झाली."

"आन् बोलली न्हाईस?"

"थोरल्या भावजींचं नाव…" सरूबाईच्या तोंडून सवयीनं निघालं, आणि ती मध्येच थांबली.

चंपा तिच्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. हसता हसता पदर डोळ्यांना गेला, आणि कुठं हसणं संपलं आणि कुठं दुसरं सुरू झालं ते दोघींनाही कळलं नाही.

"पाचीच्या पाची जनी," चंपा नाक पुसत म्हणाली. "त्यो मेला म्हनतुया, लय भक्ती हाय! आन् मी म्हनते, असनारच!"

"मला वाटलं, तू परत फिरशील."

"फिरनार हुते. मग इचार केला, आता वर गेल्यावर कसं व्हायचं? इचारतील, कुनाची तू? मी हात म्होरं करनार, आन् तितं डोंगर! म्हंजी आता तोंडानंच सांगाया लागनार. आन् तोंडाला तर सवय न्हाई. पार लगनापासनं न्हाई." तिनं घोटभर पाणी घेतलं. "मग चढले. वर गेले, कडंला हुबी ऱ्हायले. समोर दुसरा डोंगर. आन् मारली हाक."

"कुनाला?"

चंपानं पायरीवरच बसल्या बसल्या, तोंडाशी दोन्ही हात धरून, समोरच्या विसापूरकडे बघत हाक मारली. "शिदूऽऽ!"

सरूबाईचा हात आपोआप चंपाच्या तोंडाकडे गेला आणि वाटेतच थांबला. कसलं आयुष्य कमी व्हायचं होतं आता?

मागच्या खोलीत खाट करकरली. बुधाचा आवाज आला, कापरा, "कोन हाय? दादाला कोन हाक मारतंय?"

चंपा हळूच म्हणाली, "तितला डोंगर उलटून बोलला, सरे. माज्यापरीस मोठ्यांदी. पयल्यांदा कुनीतरी माज्यासंगं त्यांचं नाव घेतलं."

मग उठली, चपला बगलेत मारल्या. सरूबाई फाटकापर्यंत गेली. इतका वेळ मनात ठेवलेलं तिनं शेवटी विचारलंच. "आक्का, ढग पायाखाली येत्यात का गं? त्या वळनावर?"

"पुस्तकात लिवलंय न्हवं?"

"व्हय."

"मग येत असतील. मी कुटं बगितलं? मी माजं गुडगं बगत हुते." चंपा दोन पावलं गेली आणि वळली. "माकडं मातर हायती. आन् ऐक. तुजा हाय तंवर मार हाक. माज्यासारकी डोंगरावर जाऊन बसू नगंस."

बुधाचा पाय पावसाळ्याच्या तोंडाशी धड झाला. पुढच्या वर्षी जाऊ, असं सरूबाई म्हणाली, आणि पुढच्या वर्षीही तेच म्हणाली. एका वर्षी म्हैस व्याली, एका वर्षी बाईंना दवाखान्यात न्यायचं होतं, एका वर्षी काहीच नव्हतं आणि तरी राहिलं. प्रकरणाची पानं सुटी झाली, बाईंनी ती खळीनं चिकटवून दिली. धुण्याच्या दगडावर बसली की अजून तिची नजर ढगात गेलेल्या विसापूरच्या पलीकडे जाते, आणि हात साबणात तसाच राहतो.

हाक मारायला मात्र तिला फार दिवस लागले. एका संध्याकाळी बुधा परसात गवताचा भारा सोडत होता, पाठमोरा. सरूबाई पपईच्या झाडाआड उभी राहिली. पदर तोंडावर घेतला, पुन्हा काढला, आणि म्हणाली, "बुधा."

बुधा चटकन वळला. हे नाव घेणारी म्हातारी माणसं वाडीत आता दोन-तीनच उरली होती, त्यांतलेच आबा फाटकाशी आले असं त्याला वाटलं. "आलो, आबा, आलो!" असं ओरडत, एका पायावर जरा लंगडत, तो फाटकाकडे धावला. फाटक उघडून त्यानं रस्ता वर पाहिला, खाली पाहिला. कुणी नव्हतं. तो तरी तसाच उभा राहिला, हाक पुन्हा येईल म्हणून.

पपईआड सरूबाई दुसऱ्यांदा तोंड उघडायचा धीर गोळा करत होती.